बिळापाशी कोणी थांबायचे?

संगणकीय खेळ म्हटला की बंदुका, भरधाव मोटारी आणि पडद्याच्या कोपऱ्यात वाढत जाणारी गुणसंख्या असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ‘वुल्फक्वेस्ट’ या खेळात यापैकी काहीही नाही. येथे खेळाडू हा लांडगा असतो. वसंत ऋतूत त्याच्या बिळात पिल्ले जन्माला येतात आणि तेथून पुढे त्याचे सारे लक्ष एकाच पेचात गुंतून पडते. पिल्लांसाठी अन्न आणायला दूर जायचे, की पिल्लेच दुसऱ्या कुणाचे अन्न होऊ नयेत म्हणून बिळापाशी राखण करीत बसायचे? शिकारीला गेले की बीळ उघडे पडते. बसून राहिले की पिल्ले उपाशी राहतात.

हा पेच खेळाच्या निर्मात्यांनी कल्पनेने रचलेला नाही. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील लांडगे दर वसंतात याच पेचातून जातात आणि हा खेळही त्याच भूमीवर घडतो. मिनेसोटा प्राणिसंग्रहालय आणि ‘एज्युवेब’ ही संस्था यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसाह्याने तो तयार केला. त्याचा पहिला भाग डिसेंबर २००७ मध्ये इंटरनेटवरून मोफत उपलब्ध झाला. त्यात एकट्या लांडग्याने शिकार शिकायची आणि जोडीदार शोधायचा, एवढेच होते. पिल्ले आली ती त्यानंतरच्या भागात. पुढे २०१९ पासून हा खेळ नव्याने बांधून ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’ या नावाने सशुल्क स्वरूपात आणण्यात आला. पिल्लांच्या संगोपनाचा भाग या आवृत्तीत कितीतरी अधिक तपशिलाने रंगविलेला आहे.

यलोस्टोनची निवड का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. या उद्यानातील लांडगे माणसाने वेचून मारले होते. १९२६ साली तेथील अखेरचे लांडगे मारले गेले. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे त्या जंगलात लांडगा नव्हता. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून ३१ लांडगे आणून तेथे सोडण्यात आले. त्यांच्यावर आणि त्यांच्या वंशजांवर संशोधकांनी इतके बारीक लक्ष ठेवले आहे, की जगातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या लांडग्यांत त्यांची गणना होते. साहजिकच खेळ रचणाऱ्यांना माहितीची वाण नव्हती. अडचण होती ती त्या माहितीतले किती सत्य खेळाडूला झेपेल, ही.

वासाचा नकाशा

खेळात लांडग्याचे सर्वांत मोठे साधन म्हणजे नाक. एक कळ दाबली की पडद्यावरचे रंग बदलतात आणि जमिनीवर वासाचे माग दिसू लागतात. एल्क या मोठ्या हरणाचा माग वेगळा, कायोटीचा वेगळा, परक्या लांडग्यांचा वेगळा. नवखा खेळाडू या मागांचा उपयोग फक्त शिकार शोधण्यासाठी करतो. दोन-तीन पिल्ले गमावल्यावर त्याच्या ध्यानात येते, की बिळाभोवतीच्या जमिनीचा वास घेणे अधिक महत्त्वाचे आहे. कोण येऊन गेले, कोण जवळपास घुटमळते आहे, हे तेथेच कळते. आपल्या हद्दीवर स्वतःच्या वासाची खूण करीत राहणे, ती फिकी पडली की पुन्हा करणे, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळून चालत नाही. खूण पुसट झाली की शेजारच्या कळपाचे धैर्य वाढते.

बिळाकडे येणारे शत्रू एका जातीचे नाहीत आणि प्रत्येकाला तोंड देण्याची रीत निराळी आहे. कायोटी आकाराने लहान असतो. मोठा लांडगा समोर दिसला की त्याचा निभाव लागत नाही. पण तो संधी साधणारा प्राणी आहे, लांडगा नसताना येतो. ग्रिझली अस्वलाचे नेमके उलटे. ते लांडग्याला भीत नाही आणि एकट्या लांडग्याने त्याच्याशी समोरासमोर झुंजणे म्हणजे जिवाशी खेळ. त्याच्या मागच्या बाजूने चावे घेत, त्याला भंडावून सोडीत, बिळापासून दूर न्यावे लागते. गरुड आकाशातून येतो. त्याच्यापुढे वासाचा नकाशा कुचकामी ठरतो. पिल्लांना वेळीच बिळात धाडणे हाच त्यावर उपाय. आणि पिल्ले ती पिल्लेच! एकाला तोंडात धरून आत ठेवावे, तोवर दुसरे बाहेर आलेले असते.

या सगळ्यात जोडीदाराचा आधार असतो. त्याला राखणीसाठी मागे ठेवता येते किंवा शिकारीला सोबत नेता येते. एल्कसारखे मोठे जनावर एकट्याने पाडणे कठीण. दोघे गेले तर शिकार होण्याची शक्यता वाढते, पण मग पिल्ले वाऱ्यावर. अनुभवी खेळाडू यावर वेगवेगळे तोडगे काढतात. कोणी बिळाजवळच ससे मारून वेळ भागवितो. पण सशाने एका लांडग्याचेही पोट धड भरत नाही, मग पिल्लांसाठी ओकून काय टाकणार? मोठा कळप का लागतो, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ही ओढाताण अधिक चांगले देते. प्रत्यक्षातही लांडग्यांच्या कळपात आधीच्या वर्षीची थोरली भावंडे लहानग्यांपाशी थांबतात, शिकारीहून परतलेले सदस्य पोटातले मांस ओकून पिल्लांना भरवितात. नव्याने जमलेल्या जोडीपाशी हे मनुष्यबळ, अर्थात लांडगेबळ, नसते.

स्लू क्रीकचा वेढा

खेळात परक्या लांडग्यांचा धोका पाहून काही खेळाडूंना तो अतिरंजित वाटतो. आपल्याच जातीचे प्राणी पिल्लांच्या जिवावर कसे उठतील, असा हा आक्षेप. यलोस्टोनच्या नोंदी मात्र खेळाच्या बाजूने आहेत. पिल्लांचे संगोपन मूळ खेळात ज्या स्लू क्रीक परिसरात घडते, त्याच परिसरात २००६ च्या वसंतात एक प्रसंग घडला. तेथील कळपाच्या माद्या बिळात व्यालेल्या असताना बाहेरून आलेल्या एका कळपाने बिळाला वेढा घातला. आत अडकलेल्या माद्यांना बाहेर पडून खाणे मिळविणे अशक्य होऊन बसले. हे अनेक दिवस चालले आणि संशोधक दुरून ते पाहत होते. त्या वर्षी स्लू क्रीकच्या कळपाचे एकही पिल्लू वाचले नाही. उद्यानातील प्रौढ लांडग्यांच्या नैसर्गिक मृत्यूंतही इतर लांडग्यांशी झालेल्या झुंजी हेच सर्वांत मोठे कारण राहिले आहे.

अस्वल आणि गरुड यांच्याबाबतीत मात्र खेळ वास्तवापासून दूर सरकतो. लांडग्याच्या बिळावर अस्वल चालून येणे घडते, पण खेळात ते ज्या वारंवारतेने येते तसे नव्हे. कारण उघड आहे. लांडगीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. पिल्ले एप्रिलच्या मध्याच्या आसपास जन्मतात, दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी बिळाच्या तोंडाशी येतात आणि उन्हाळ्यात बीळ सोडून मोकळ्या जागी हलविली जातात. हे काही महिने खेळात काही तासांवर येतात. महिन्याभराचे संकट एका संध्याकाळी कोंबले, की दर थोड्या वेळाने कोणी ना कोणी दारात उभे राहणारच. प्रत्यक्षात राखणीचा बहुतांश वेळ काहीही न घडता जातो. तसा खेळ काढला असता तर तो कोण खेळला असता, हा प्रश्नच आहे.

वास्तवात पिल्लांचा खरा काळ ज्याला म्हणावे, त्याला दात नसतात. यलोस्टोनमध्ये १९९९, २००५ आणि २००८ या वर्षांत कॅनाइन डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाची साथ आली आणि त्या त्या वर्षी लांडग्यांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. या शत्रूला हुसकून लावता येत नाही, त्याचा माग नाकाला लागत नाही. नव्या आवृत्तीत पिल्ले आजारीही पडतात. आजाराने पिल्लू गेले की आपले काय चुकले ते खेळाडू शोधीत बसतो, आणि त्याचे काहीच चुकलेले नसते. ज्या माध्यमात प्रत्येक पराभवाला काही तरी कारण आणि प्रत्येक कारणाला काही तरी युक्ती असते, त्या माध्यमात ही गोष्ट ठेवणे धाडसाचे म्हटले पाहिजे.

पाच पिल्ले आणि एक सावली

याच विषयावरचा दुसरा उल्लेखनीय खेळ स्वीडनमधून आला. ‘माइट अँड डिलाइट’ या कंपनीचा ‘शेल्टर’ हा खेळ २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याची मादी असतो आणि तिच्यामागे पाच पिल्ले चालत असतात. ‘वुल्फक्वेस्ट’मध्ये आकडे आणि माहिती भरपूर आहे, येथे जवळपास काहीच नाही. भुकेल्या पिल्लाच्या अंगाचा रंग फिका पडतो, एवढीच सूचना. वर गरुड घिरट्या घालीत असला, की उंच गवताच्या एका पुंजक्यातून दुसऱ्याकडे धावत जायचे. रात्री अंधारात आवाज झाला की पिल्ले घाबरून पांगतात. वणवा आहे, पुराचा लोंढा आहे. पिल्लांच्या अंगावरील पट्टे निरनिराळे असल्यामुळे नेमके कोणते गेले हेही कळते, आणि मागे वळून मोजले तर चार भरतात.

येथे बॅजरीण शत्रूशी झुंजू शकत नाही. तिच्यापाशी आडोसा आणि वेग, एवढेच आहे. म्हणून ‘शेल्टर’ अंगावर येतो तो अधिक, शिकवितो मात्र कमी. २०१५ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात लिंक्स या रानमांजराच्या मादीला पिल्लांसाठी शिकार करीत हिंडावे लागते. वाढलेली पिल्ले अखेर तिला सोडून आपापल्या वाटेने निघून जातात. स्पेनमधील ‘हीरोबीट स्टुडिओज’चा २०२२ चा ‘एंडलिंग’ याहून पुढे गेला. त्यात कोल्हीण आपल्या चार पिल्लांना उजाड होत चाललेल्या जगात जगविण्याची धडपड करते आणि तिचा प्रमुख शत्रू माणूस असतो.

या सर्व खेळांत निर्मात्यांना एक निर्णय करावाच लागतो: पिल्लू मेले तर ते परत मिळावे काय? ‘वुल्फक्वेस्ट’ने काठिण्याच्या पायऱ्या ठेवून हा निर्णय खेळाडूवर सोपविला आहे. सोप्या पायरीवर संकटे सौम्य असतात. वरच्या पायऱ्यांवर सगळी पिल्ले वाचविणे जिकिरीचे होते. लहान मुले हा खेळ मोठ्या संख्येने खेळतात, हे पाहता ही सोय शहाणपणाची आहे. नव्या आवृत्तीत पिल्लांना नावे देता येतात आणि नाव दिलेले पिल्लू गमावणे हे क्रमांकाचे पिल्लू गमावण्यासारखे नसते. पालकांनी मुलाला हा खेळ देताना आधी एकदा शेजारी बसून पाहावा, हे बरे.

त्यांनी पाहावा असा आणखी एक भाग आहे. लांडग्याची पिल्ले भुकेने कुरकुरू लागतात तो काळ, म्हणजे मेअखेर ते जून, हाच एल्कच्या माद्या विण्याचा काळ. एल्कचे नवजात पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहते. आई दूर चरते आणि दूध पाजण्यापुरती येते. लपणे हेच त्याचे संरक्षण. यलोस्टोनच्या उत्तर भागात २००३ ते २००५ या काळात झालेल्या अभ्यासात, मेलेल्या पाडसांपैकी निम्म्याहून अधिक अस्वलांनी मारल्याचे आढळले. लांडग्यांचा वाटा त्याच्या कितीतरी खाली होता. खेळातही पाडसे आहेत. आपल्या पिल्लांसाठी गरुडाला शिव्याशाप देणारा खेळाडू काही मिनिटांतच दुसऱ्या कुणाचे पिल्लू हुंगत गवतात फिरू लागतो. मग एल्कची मादी धावून येते, पुढचे खूर उगारते, आणि आता बिळावर चालून आलेले जनावर तो स्वतः असतो. दोन-तीन लाथा बसल्या की शिकार सोडून पळावे लागते. तिकडे बिळात पिल्ले उपाशीच असतात आणि कायोटीचा ताजा माग बिळाच्या दिशेने गेलेला दिसतो.