बहिरेपणाआड दडलेले नैराश्य

ऑक्टोबर १८०२. व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या गावी एकतीस वर्षांच्या एका संगीतकाराने आपल्या भावांना उद्देशून दीर्घ पत्र लिहिले. ते त्याने कधीच पाठवले नाही. १८२७ मध्ये त्याच्या निधनानंतर ते कागदपत्रांत सापडले. तो संगीतकार म्हणजे बीथोव्हेन. लोक आपल्याला माणूसघाणे समजतात. पण ऐकू येत नाही, हे चारचौघांत सांगण्याचा संकोच वाटतो म्हणूनच आपण दूर राहतो, अशी व्यथा त्यात आहे. जीवन संपवण्याच्या विचारापासून कलेनेच आपल्याला परावृत्त केले, असेही तो लिहितो.

ही व्यथा आजही घरोघरी आढळते. जेवताना सगळे हसतात, आजोबा मात्र गप्प असतात. दोनदा ‘काय म्हणालात?’ असे विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारण्याचा त्यांना संकोच वाटतो. तुटक शब्द जुळवून अर्थ लावताना मेंदू थकतो; हळूहळू फोन टाळला जातो, लग्नकार्याला जाणे नकोसे होते. घरच्यांना वाटते, स्वभाव हेकट झाला. प्रत्यक्षात एकाकीपणातून नैराश्य मूळ धरत असते.

कानात सतत गुंजारव ऐकू येणाऱ्या रुग्णाची व्यथा वेगळी. रात्रीच्या शांततेत हा कर्णनाद अधिक जाणवतो आणि झोप उडते. अपुऱ्या झोपेने मन खचते आणि खचलेल्या मनाला तोच नाद अधिक असह्य होतो. अंतर्कर्णाच्या विकारात भोवळ कधी येईल याचा नेम नसल्याने घराबाहेर पडण्याची भीती बसते. गंधज्ञान गेले, तर अन्नातील गोडी हरपते आणि त्यासोबत जेवणातला आनंदही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नाही, झोप व भूक बिघडली, तर ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नये. कानाच्या तक्रारीसोबत मनाची ही अवस्थाही कान-नाक-घसातज्ज्ञांना मोकळेपणाने सांगावी. श्रवणचाचणी करून घ्यावी; योग्य श्रवणयंत्राने पुष्कळांचा संवाद पुन्हा सुरू होतो. कर्णनाद पूर्ण थांबला नाही, तरी समुपदेशनाने त्याचा जाच कमी करता येतो. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यात कमीपणा नाही. शासनाच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या सेवेवर अहोरात्र बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे शब्द कानी पडले, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

घरच्यांनी ओरडून बोलू नये. समोर बसावे, चेहऱ्यावर उजेड असावा, दूरचित्रवाणी बंद करावी, सावकाश आणि स्पष्ट बोलावे. ‘जाऊ दे, काही नाही’ हे उत्तर मात्र कधीही देऊ नये.

७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. टाळ्यांचा कडकडाट चालू होता; पाठमोऱ्या बीथोव्हेनला त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा एका गायिकेने त्याला अलगद श्रोत्यांकडे वळवले, असे सांगतात. घरातल्या अबोल झालेल्या माणसालाही असेच कोणीतरी आपल्या माणसांकडे वळवावे लागते.