दोन मिनिटांचं विमान

विमानानं जायचं म्हटलं की आपली तयारी आठ दिवस आधीपासून. मी मात्र गेल्या उन्हाळ्यात अशा विमानात बसले, की पट्टा नीट बसतोय न बसतोय तोवर उतरायची वेळ!

लेक स्कॉटलंडला असते. तिच्याबरोबर ऑर्कनी बेटं बघायला गेले होते. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांमधलं अंतर अवघं २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली, पण वारा पाठीशी असला तर एक मिनिटही लागत नाही. विक्रम तर ५३ सेकंदांचा! नियमित विमानफेऱ्यांमध्ये ही जगातली सर्वांत छोटी, १९६७ पासून चालू आहे.

विमान कसलं, आपल्याकडची वडापची जीपच ती! आठ प्रवासी, एकजण थेट पायलटच्या शेजारी. चहा नाही की हवाई सुंदरी नाही. उडालं, खाली जरासा समुद्र दिसला आणि उतरलंसुद्धा.

मला हसू आवरेना. "एवढ्याशासाठी विमान कशाला गं? होडी नाही का?" मी लेकीला विचारलं. पुढच्या बाकावर एक आजीबाई होत्या. किर्कवॉलच्या दवाखान्यातून घरी निघालेल्या. लेकीनं त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "होडी आहे की. पण हिवाळ्यात समुद्र खवळला, की आम्ही काय करायचं?"

पापा वेस्ट्रेवर माणसं जेमतेम ऐंशी-नव्वद. नुसत्या तिकिटांवर या फेऱ्या परवडत नाहीत, म्हणून तिथली कौन्सिल पदरचे पैसे घालते. आजारी माणसं, शिक्षक सगळे यानंच ये-जा करतात.

मग आम्ही तिथली नॅप ऑफ हॉवरची दगडी घरं बघितली. पाच हजार वर्षांहून जुनी, पिरॅमिडच्याही आधीची. दोन घरं शेजारी शेजारी, आणि मधल्या भिंतीतून वाकून पलीकडे जायला वाट ठेवलेली. त्या वाटेपाशी मी जरा वेळ थांबलेच.

कारण आमच्या घरापासून थोरल्या जाऊबाईंचं घरही असंच, अडीच-पावणेतीन किलोमीटरवर. मध्ये समुद्र नाही, खाडी नाही. रिक्षानं दहा मिनिटं. पण वाटणीच्या वेळी बोलाबोली झाली, आणि पुढं चार वर्षं मी त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. लेकीला भेटायला सात हजार किलोमीटर गेले, आणि इथं?

परत आल्यावर चौथ्याच दिवशी बिस्किटांचा डबा घेऊन निघाले. नेमका पाऊस लागला. दारात उभी राहिले तेव्हा छाती धडधडत होती. काय बोलायचं, वाटेत जुळवलेलं सगळं विसरले.

जाऊबाईंनी दार उघडलं. क्षणभर बघत राहिल्या. मग आत वळत म्हणाल्या, "केवढी भिजलीस! आधी डोकं पूस. चहा टाकते."