प्रसूतीपश्चात नैराश्य आणि मानसोपचारतज्ज्ञाचा शोध : महाराष्ट्र व गोव्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : प्रसूतीपश्चात नैराश्य, मानसोपचार, समुपदेशन, मातृ-आरोग्य, उपचारांची उपलब्धता

प्रस्तावना

मराठी समाजात बाळंतपण हा स्त्रीच्या कौतुकाचा काळ मानला जातो. पहिलटकरीण माहेरी येते, डिंकाचे व अळिवाचे लाडू होतात, तेल-मालीश, शेक, धुरी आणि सव्वा महिन्याची विश्रांती असा एक ठरलेला क्रम असतो. या क्रमात बाळंतिणीच्या शरीराची काळजी बारकाईने घेतली जाते. तिच्या मनाची विचारपूस मात्र कोणाच्याच वाट्याला आलेली नसते. बाळ सुखरूप असताना आई रडते, तिला भूक लागत नाही, बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही. तेव्हा ‘एवढे गोड बाळ असून रडतेस कशाला?’ असा प्रश्न येतो किंवा दृष्ट काढली जाते. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे घरच्यांना उमगेपर्यंत अनेकदा बाळाला दात येऊ लागलेले असतात. उमगल्यानंतरचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे : जायचे कोणाकडे? प्रस्तुत लेखात प्रामुख्याने याच प्रश्नाचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप व व्याप्ती

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येणारे रडू, चिडचिड आणि हळवेपणा निम्म्याहून अधिक मातांमध्ये आढळतो व साधारणतः दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्यास आजार म्हणता येत नाही. दोन आठवडे उलटूनही उदासी, निरुत्साह, अपराधीपणा, निद्रानाश, ‘मी चांगली आई नाही’ ही भावना टिकून राहिली, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असण्याची शक्यता असते. तिसरी अवस्था दुर्मीळ परंतु गंभीर होय. दर हजार प्रसूतींमागे एक-दोन मातांना तीव्र मनोविकृती होते. भास, संभ्रम, बाळाविषयी विचित्र समजुती ही तिची लक्षणे. ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उद्भवते. येथे समुपदेशकाचा शोध घेत बसू नये. त्याच दिवशी मनोविकार विभाग असलेले रुग्णालय गाठावे लागते.

या विषयावरील एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्राच्या शेजारी, गोव्यात झाले. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात गरोदरपणापासून मातांचा पाठपुरावा करण्यात आला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रिया गरोदरपणातच मानसिक दृष्ट्या अस्वस्थ होत्या, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. आर्थिक ओढाताण आणि पतीशी बिघडलेले संबंध हे धोक्याचे घटक ठरले, तर बाळ मुलगी की मुलगा यावरही या घटकांचा परिणाम कमी-अधिक होत होता. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे प्रमाण २२ टक्के आहे. म्हणजे पाच मातांमागे किमान एक. बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्यांबाबत जेवढी दक्षता घेतली जाते, तिच्या एक-दशांश दक्षताही या आजाराबाबत घेतली जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

ओळख पटविण्याचे साधन

१९८७ साली कॉक्स, होल्डन व सागोव्हस्की यांनी तयार केलेली एडिंबरो प्रसूतीपश्चात नैराश्य मापनश्रेणी आजही सर्वाधिक वापरली जाते. दहा प्रश्न, कमाल ३० गुण आणि पाच-सात मिनिटांचा वेळ एवढेच तिचे स्वरूप आहे. गोव्यातील उपरोक्त अभ्यासात तिचे कोंकणी रूप वापरले होते. दहा किंवा अधिक गुण असल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे इष्ट समजले जाते. ही श्रेणी निदान करीत नाही, केवळ संशय नोंदविते. मात्र तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आल्यास एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी दखल घ्यावी लागते.

नामाभिधानांचा गोंधळ

मराठीत मानसोपचारतज्ज्ञ हा शब्द सैलपणे वापरला जातो, आणि शोधातील पहिली अडचण येथेच उद्भवते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर एम.डी., डी.पी.एम. किंवा तत्सम अर्हता घेतलेला डॉक्टर असतो. औषधे देण्याचा अधिकार त्याला आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा औषधे देत नाही. तो मानसिक चाचण्या व संवादाधिष्ठित उपचार करतो. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ अन्वये त्याची केंद्रीय नोंदवहीत नोंद असणे आवश्यक आहे, आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. समुपदेशक या शब्दावरून मात्र अर्हतेचा काहीच बोध होत नाही. मानसशास्त्रात एम.ए. केलेली अनुभवी व्यक्ती समुपदेशक असते, तशीच काही आठवड्यांचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्तीही समुपदेशक म्हणवून घेते.

प्राध्यापकवर्गाने येथे एक भेद विशेष ध्यानात घ्यावा. कला शाखेत मिळालेली मानसशास्त्रातील एम.फिल. ही संशोधन पदवी होय. रुग्णालयात दोन वर्षे प्रत्यक्ष काम करून मिळविलेली चिकित्सालयीन मानसशास्त्राची एम.फिल. ही व्यावसायिक अर्हता होय. पाटीवर दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात.

सौम्य व मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात संवादाधिष्ठित उपचार प्रथम योजले जातात. बोधात्मक वर्तन उपचार आणि आंतरवैयक्तिक उपचार या दोन पद्धतींना संशोधनाचा भक्कम आधार आहे. दुसरी पद्धती नवमातेस विशेष मानवते, कारण तिचा भर भूमिकाबदल, नात्यांतील ताण आणि गमावलेला आधार यांवर असतो. कालपर्यंत नोकरी करणारी मुलगी आज तीन तासांच्या झोपेवर दूध पाजते आहे आणि सासू-आईच्या परस्परविरोधी सूचना ऐकते आहे, हा भूमिकाबदलच आहे. २००० साली अमेरिकेतील १२० मातांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या अशा उपचाराने लक्षणीय सुधारणा दिसून आली. कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे मराठी वाचकांस परिचित असलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती ही बोधात्मक उपचारांच्याच कुळातील. त्यामुळे तिचे प्रशिक्षण घेतलेले उपचारक महाराष्ट्रात भेटू शकतात. केवळ नवमातांसाठीच काम करणारा तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी मिळेलच, असा आग्रह धरू नये. त्या आग्रहापायी महिने जातात. उपरोक्त पद्धतींचे रीतसर प्रशिक्षण असलेला आणि गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणारा सर्वसाधारण उपचारक पुरेसा होय.

शोधाचे मार्ग

सर्वांत जवळचा मार्ग प्रसूती केलेल्या डॉक्टरांपासून सुरू होतो. त्यांच्याकडे दोन गोष्टी मागाव्यात : हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी, आणि मनोविकारतज्ज्ञासाठी चिठ्ठी. रक्तक्षय आणि थायरॉईडचे विकार नैराश्यासारखीच लक्षणे दाखवितात. ते वगळल्याशिवाय केलेला उपचार अर्धवट राहतो. बाळाला लसीकरणासाठी सहा, दहा व चौदा आठवड्यांनी दवाखान्यात न्यावेच लागते. आई स्वतःसाठी घराबाहेर पडू शकत नसेल, तर बाळाची लस ही तिच्यासाठीही तपासणीची संधी ठरते. ग्रामीण भागात आशा स्वयंसेविका बेचाळीस दिवसांत किमान सहा वेळा घरी येते. त्या भेटी नवजात बाळासाठी योजलेल्या असल्या, तरी घरातील इतरांच्या अनुपस्थितीत बोलता येईल अशी ती बहुधा एकमेव बाहेरची व्यक्ती असते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून राबविला जात आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात अल्प शुल्कात तपासणी होते. रांग लांब असते आणि संवादास वेळ कमी मिळतो हे खरे. तथापि निदान व औषधयोजना यांसाठी तो विश्वसनीय मार्ग आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. ठाण्यात १९९० पासून कार्यरत असलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या संस्था मराठीतून उपचार देतात. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनंतर दृक्-श्राव्य माध्यमातून सल्ला घेणे रूढ झाले. तान्ह्या बाळाच्या आईला हा मार्ग सोयीचा असतो. परंतु दोन खोल्यांच्या घरात सासूच्या समोर मोकळेपणाने बोलता येत नाही, ही त्याची मर्यादा. यास्तव पतीने बाळाला घेऊन तासभर बाहेर जावे, एवढी साधी व्यवस्थाही उपचाराचाच भाग ठरते.

पहिल्या दूरध्वनीवरच काही बाबी स्पष्ट करून घ्याव्यात. प्रशिक्षण कोणत्या पद्धतीचे, नवमातांबरोबर काम केले आहे काय, शुल्क किती व साधारण किती बैठका लागतील, बाळाला सोबत आणून मध्येच पाजता येईल काय, आणि कुटुंबाला काय सांगितले जाईल. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उपचारकाने पहिल्याच भेटीत सासूला बोलावून सुनेचे बोलणे उघड केले, तर दुसरी भेट होत नाही. भाषेचाही विचार व्हावा. बाळंतीण जी मराठी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलते, ती उपचारकास समजली पाहिजे. दुःख प्रमाणभाषेत अनुवादित करून सांगावे लागले, की त्यातील बरेचसे गळून जाते. तीन-चार बैठकांनंतरही ऐकून घेतले जात नाही असे वाटले, तर उपचारक बदलावा. त्यात कृतघ्नता नाही.

औषधांविषयीची भीती हा मोठा अडथळा आहे. सर्ट्रालीनसारख्या औषधाचा आईच्या दुधातील अंश अत्यल्प असतो, आणि स्तनपान चालू ठेवूनही ते दिले जाते. मात्र निर्णय मनोविकारतज्ज्ञाने घ्यावयाचा असतो. चालू औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २१ आईच्या बाजूने उभे राहते : तीन वर्षांखालील मुलास सामान्यतः तिच्यापासून विलग करता येत नाही. बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेत माता-बालक एकत्र दाखल होऊ शकतील असा कक्ष २००९ पासून आहे.

तज्ज्ञ अनुपलब्ध असल्यास

तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे आणि ती लवकर वाढणार नाही. याबाबत पाकिस्तानातील रावळपिंडीजवळचा प्रयोग उद्बोधक आहे. अतिफ रहमान यांनी गावातील आरोग्य सेविकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्त मातांच्या घरी पाठविले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर उपचारगटातील २३ टक्के, तर तुलनागटातील ५३ टक्के माता नैराश्यग्रस्त होत्या. पुढे गोव्यात याच पद्धतीत शेजारच्याच अनुभवी मातांना प्रशिक्षित करून पाहण्यात आले. गावातली बाई गावातल्या बाईचे ऐकते, हे यातून शास्त्रीय कसोटीवर उतरले असे म्हणता येईल.

महाविद्यालयाच्या आवारातील प्रश्न

हा विषय महाविद्यालयाबाहेरचा नाही. द्वितीय वर्षात विवाह होऊन तृतीय वर्षात बाळ घेऊन परीक्षेला येणाऱ्या विद्यार्थिनी ग्रामीण महाविद्यालयांत दरवर्षी दिसतात. त्यांची घसरलेली उपस्थिती ‘संसारात पडली’ या शेऱ्यात बंद केली जाते. शासकीय सेवेतील अध्यापिकेस १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. तासिका तत्त्वावरील अध्यापिकेस घेतलेल्या तासिकांपुरतेच मानधन मिळत असल्याने ती अनेकदा सव्वा महिन्यातच वर्गात परतते. स्टाफरूममध्ये तिला बाळाचे नाव, वजन, रंग विचारला जातो. तिची झोप होते का, हे विचारले जात नाही. बहुतेक महाविद्यालयांतील समुपदेशन कक्ष मानसशास्त्र विभागाच्या एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असतो. त्यांच्याकडून उपचाराची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. पण त्या कक्षाच्या दारावर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाचे वार व वेळा, तालुक्यात येणाऱ्या तज्ज्ञाचे नाव आणि १४४१६ हा क्रमांक लावण्यास कोणत्याही अनुदानाची वा विद्यापीठाच्या मान्यतेची आवश्यकता नाही.