वाफेवरच्या घरात नवा रेडिएटर: माप कुठून काढायचं?

जर्सी सिटीतल्या एका श्रोत्याचा प्रश्न आहे. घर १९२०च्या सुमाराचं, हीटिंग वाफेवरचं, बेडरूममधला बिडाचा रेडिएटर तडकलाय. तेवढ्याच मापाचा नवा आणायचा का?

मी म्हणेन, जुना रेडिएटर नको, खोली मोजा. तेव्हा खिडक्या एकेरी काचेच्या होत्या, भिंतीत इन्सुलेशन नव्हतं. हे आता बदललं असेल तर खोलीला तेवढी उष्णता लागतच नाही. कडाक्याच्या थंडीत भिंती, काचा, फटी यांतून तासाला किती बीटीयू बाहेर जातात, ते काढा.

समजा ४८०० आले. वाफेच्या रेडिएटरचं माप ‘ईडीआर’ चौरस फुटांत सांगतात, एक चौरस फूट म्हणजे तासाला २४० बीटीयू. म्हणजे आपल्याला २० हवेत. एका सेक्शनचे १.६ असतील तर साडेबारा, म्हणजे १३ सेक्शन घ्या.

गोची इथे आहे. कॅटलॉगातला बीटीयूचा आकडा गरम पाण्याचा असू शकतो. पाण्यावर तोच चौरस फूट साधारण १५०च देतो. तो आकडा धरलात तर रेडिएटर दीडपटीहून मोठा येईल. मग बेडरूमची भट्टी होणार, आणि बॉयलरची वाफ पुरली नाही तर शेवटची खोली गारठणार.

आणि हो, वाफ आणि पाणी एकाच पाइपातून जात असेल तर रेडिएटर व्हॉल्व्हकडे किंचित उतरता बसवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. अर्धवट ठेवलात तर पाणी अडकतं आणि रात्रभर ठोके ऐकावे लागतात.