अद्ययावत झालेला भ्रमणध्वनी आणि रुसलेले वाय-फाय

पेशवाईतील सुभेदार नारोशंकर यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, झाशीत मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. तेथील जुन्या शहरातल्या बडा बाजारातही आता गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा फलक दिसतो. अशा ठिकाणी भ्रमणध्वनीने रात्री नवे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे आणि सकाळी दुकान उघडताच वाय-फाय बंद आढळावे, यासारखा मनस्ताप नाही. गिऱ्हाईक पैसे दिल्याचे सांगते. दुकानदाराच्या पडद्यावर मात्र काहीच उमटत नाही. अशा प्रसंगी घाईने काही करण्यापूर्वी बिघाडाचे स्वरूप समजून घेणे हिताचे ठरते.

पैसे अडकतात काय?

नाही. क्यूआर कोड हा दुकानदाराच्या बँक खात्याशी जोडलेला असतो. यूपीआयद्वारे दिलेली रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाते. ती स्वीकारण्यासाठी दुकानदाराचा भ्रमणध्वनी जोडलेला असण्याची गरज नसते. थांबते ती केवळ सूचना. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या पडद्यावरील चित्रावर विसंबून न राहता बँकेचा लघुसंदेश पाहावा, अथवा मोबाइल डेटा सुरू करून खात्यातील नोंद तपासावी. यूपीआयला वाय-फायच हवे, असे बंधन नाही.

जोडणी का तुटते?

वाय-फायची जोडणी हा भ्रमणध्वनी आणि राउटर यांच्यातील एक प्रकारचा करार असतो. सॉफ्टवेअर बदलले की त्यातील एखादे कलम जुळेनासे होते.

पहिले कारण ओळखीचे. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा मॅक पत्ता असतो. ग्राहकाचा माग काढता येऊ नये म्हणून अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) यांपासून भ्रमणध्वनी मूळ पत्त्याऐवजी बदललेला पत्ता सांगू लागले. ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश देणारा राउटर अशा उपकरणाला परके समजून नाकारतो.

दुसरे कारण सुरक्षेचे. नवे सॉफ्टवेअर जुन्या, कमकुवत सुरक्षा पद्धतींबाबत अधिक कडक असू शकते. राउटर मात्र अनेक वर्षे अद्ययावत झालेला नसतो.

तिसरे कारण लहरींचे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी जाड भिंतींपुढे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर क्षीण होतात. जुन्या घराच्या आतल्या खोलीत राउटर आणि पुढे दुकान असेल, तर भ्रमणध्वनीने निवडलेला पट्टा बदलताच जोडणी डळमळते.

कधी दोष नव्या सॉफ्टवेअरमध्येच असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलच्या आयओएस ८.०.१ मुळे अनेक आयफोन ६ संचांची मोबाइल सेवाच बंद पडली आणि कंपनीला ते त्याच दिवशी मागे घ्यावे लागले.

उपाय कोणत्या क्रमाने?

१. भ्रमणध्वनी व राउटर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत.
२. भ्रमणध्वनीतील त्या वाय-फायची साठवलेली नोंद पुसून, पासवर्ड नव्याने भरून जोडणी करावी.
३. राउटरवर पत्त्यांचे बंधन असल्यास त्या वाय-फायपुरता मूळ पत्ता वापरण्याचा पर्याय निवडावा.
४. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरून पाहावा. राउटरचे सॉफ्टवेअरही अद्ययावत करावे.
५. शेवटी केवळ नेटवर्कची मांडणी पूर्ववत करावी. यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड व ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. म्हणून पासवर्ड आधी लिहून ठेवावेत.

संपूर्ण भ्रमणध्वनी मूळ स्थितीत नेण्याचा पर्याय मात्र उतावीळपणे निवडू नये. त्यात छायाचित्रे व माहिती जाते आणि यूपीआयची नोंदणीही नव्याने करावी लागते.

खरा धोका ओळखावा

वाय-फाय बंद पडणे आणि सिमचे नेटवर्क नाहीसे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिमचे नेटवर्क अचानक जाऊन बराच वेळ परत न आल्यास नव्या सॉफ्टवेअरला दोष देत स्वस्थ बसू नये. कोणी बनावट ओळखपत्रावर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम मिळवले असल्यास मूळ सिम निकामी होते आणि बँकेचे ओटीपी भामट्याच्या हाती पडतात. दुसऱ्या दूरध्वनीवरून मोबाइल कंपनीकडे तत्काळ चौकशी करावी व शंका वाटल्यास बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत. रक्कम गेली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

तसेच “वाय-फाय दुरुस्त करणारे अपडेट” म्हणून संदेशातून आलेली एपीके फाइल कदापि उघडू नये. खरे अपडेट भ्रमणध्वनीच्या सेटिंगमधूनच मिळते.

या त्रासाला कंटाळून सॉफ्टवेअर अद्ययावत करणेच सोडून देणे मात्र श्रेयस्कर नाही, कारण त्याद्वारेच सुरक्षेतील उणिवा बुजवल्या जातात. बाजार उघडण्याच्या घाईत नव्हे, तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, पासवर्ड हाताशी ठेवून हे काम केल्यास दुकानाचा खोळंबा टळतो आणि खातेही सुरक्षित राहते.