आलेखाची चौकटही बोलते!

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी वापरून आलेख काढला की त्याच्याभोवती चौकट आपोआप येते. काळी रेघ, जाडी ०.८ पॉइंट, म्हणजे पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. तिच्याकडे कुणी बघतही नाही. पण ही चौकट अखंड नाहीच! डावी, उजवी, वरची, खालची अशा त्या चार स्वतंत्र रेघा आहेत. प्रत्येकीला ‘स्पाइन’ म्हणतात आणि प्रत्येकीचा रंग, जाडी, जागा, लांबी वेगवेगळी ठरवता येते.

साइन वक्र काढून बघा. वक्र शून्याच्या वर-खाली हेलकावतो, आडवा अक्ष मात्र पार तळाशी. खालच्या स्पाइनला ‘सेट पोझिशन’ या आज्ञेतून ‘झीरो’ एवढंच सांगा. रेघ तळातून उठते आणि थेट शून्यावर जाऊन बसते. आकडे आणि खुणाही तिच्यामागोमाग येतात. डावीलाही तेच सांगा, उरलेल्या दोघी लपवा, की शाळेच्या आलेखवहीतले एकमेकांना छेदणारे अक्ष तयार.

आता गंमत बघा. डावी स्पाइन सरकवण्याऐवजी नुसती लपवली, तर रेघ जाते, पण खुणा आणि आकडे जागच्या जागी राहतात! कारण खुणांचा मालक अक्ष आहे, स्पाइन नव्हे. स्पाइन फक्त त्यांना उभं राहायला जागा देते.

खरी कमाल लांबीत आहे. समजा, एका वर्गाचे गुण आलेखावर मांडलेत: सर्वांत कमी ३५, सर्वांत जास्त ९२. उभा अक्ष शून्य ते शंभर. डाव्या स्पाइनला ‘सेट बाउंड्स’ने ३५ ते ९२ एवढीच मर्यादा घाला. रेघ ३५ला सुरू होते, ९२ला संपते. मात्र ० आणि १०० च्या खुणा अधांतरी लोंबतात. म्हणून खुणाही ३५ आणि ९२ वरच ठेवायच्या. आता नीचांक आणि उच्चांक वेगळे लिहायलाच नकोत, अक्षाची रेघच ते सांगते.

ही युक्ती संगणकाची नाही. आलेखांच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात अशी आखूड चौकट सुचवली होती. शाईचा प्रत्येक ठिपका शक्यतो माहिती सांगण्यासाठीच खर्च व्हावा, हा त्यांचा आग्रह. मॅटप्लॉटलिबमध्ये तो पाळायला मोजक्या ओळी पुरतात. आलेखातली सर्वांत दुर्लक्षित रेघ त्या ओळींनी आकडेवारीचा भाग होते.