जुन्या मारुतीचा कायापालट : कमी पैशांत काय करावे, काय टाळावे

शहादा, तळोदा, प्रकाशा, सारंगखेडा या भागात आजही जुनी मारुती ८०० रस्त्यावर दिसते. कुणी कापडाचा व्यापारी तिच्यातून बाजाराला जातो, कुणी मिरची-केळीच्या सौद्यासाठी गावोगाव फिरतो, तर कुणाच्या घरी ती आजारी माणसाला नंदुरबारला नेण्याच्या उपयोगाची असते. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. मग मालक गॅरेजमध्ये येतो आणि दोनच गोष्टी मागतो : पिकअप वाढवून द्या आणि गाडी चमकवून द्या.

या दोन मागण्यांवर मेकॅनिक, डेंटर, पेंटर, वायरिंगवाले, कुशनवाले, रेडिएटरवाले, टायरवाले अशा कितीतरी कारागिरांच्या चुली पेटतात. आपल्यातले अनेक तरुण याच धंद्यांत आहेत. म्हणून गाडीमालक आणि कारागीर या दोघांच्याही उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे देत आहोत. मालकाचा पैसा वाया जाऊ नये, कारागिराचे नाव खराब होऊ नये आणि घाटात कुणाच्या जिवाशी खेळ होऊ नये, एवढाच आमचा हेतू.

गाडीची मूळ ताकद किती?

मारुती ८०० बाजारात आली १४ डिसेंबर १९८३ रोजी. १९८६ मध्ये तिचा आकार बदलला. २००० च्या सुमारास कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन पद्धतीचे इंजिन आले आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे या जातीच्या शेवटच्या गाडीलाही आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. कार्बोरेटरच्या गाडीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आतली. गाडीचे वजन साधारण साडेसहाशे किलो. चार माणसे आणि सामान मिळून तीनशे किलो भरले, तर वजन जवळजवळ दीडपट होते. तेव्हा पिकअप कमी वाटणे यात नवल नाही. डिकीत वर्षानुवर्षे पडून असलेली जुनी बॅटरी, लोखंडी सामान आणि टपावरचे नको असलेले कॅरिअर काढले तरी फरक जाणवतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

तोरणमाळच्या घाटाचे उदाहरण घ्या. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. एवढ्या उंचीवर हवा साधारण नऊ-दहा टक्क्यांनी विरळ होते आणि इंजिनची ताकदही जवळपास तेवढीच घटते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून धूर काळा येतो. हा इंजिनचा बिघाड नव्हे. अशा वेळी मेकॅनिकने इंजिन उघडण्याचा सल्ला दिला, तर मालकाने दोनदा विचार करावा.

आधी तपासणी, मग खर्च

जुन्या गाडीची ताकद वाढवणे म्हणजे बहुतेक वेळा तिची हरवलेली ताकद परत आणणे होय. ती कोठे हरवली हे शोधायला फार महागडी साधने लागत नाहीत.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. प्लग काढून तिन्ही सिलिंडरचा दाब गेजने मोजावा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एखाद्याचा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग-बोअर झिजले आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे. एवढ्या एका तपासणीमुळे नको ते काम आणि नको तो खर्च टळतो.

दुसरी तपासणी क्लचची. मोकळ्या जागी, समोर कोणी नाही हे पाहून, हँडब्रेक ओढावा, वरचा गिअर टाकावा आणि हळूहळू क्लच सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच प्लेट ठीक आहे. इंजिन चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. अशा गाडीचे कितीही ट्युनिंग केले तरी पिकअप येणार नाही.

तिसरी तपासणी चाकांची. जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवावे. ब्रेक धरून राहिला असेल तर चाक जड फिरते, पेट्रोल जळते आणि ड्रम तापतो. ब्रेक साफ करून मोकळा केला की पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही सुधारतात.

यानंतर एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, प्लग, टॅपेट सेटिंग आणि कार्बोरेटरची सफाई ही कामे करावीत. जुन्या गाडीत पॉईंट असेल तर त्याचे अंतर फिलर गेजने लावावे, डोळ्याच्या अंदाजाने नव्हे. त्यानंतर टायमिंग पाहावे. हे सगळे मिळूनही इंजिन उघडण्याच्या खर्चाचा एक लहान हिस्साच लागतो.

पेट्रोल आणि उन्हाळा

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि गॅस्केट यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलमुळे असे रबर फुगते, कडक होते आणि तडकते. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते. म्हणून फार दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत व कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे पेट्रोलचे पाईप व क्लिपा बदलून घेणे हे स्वस्त काम आहे. गरम इंजिनवर पेट्रोल गळले तर गाडी पेटते, तेव्हा हे काम पुढे ढकलू नये.

आपल्याकडचा उन्हाळा कडक. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये आहे. ही पद्धत चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि इंजिन लवकर झिजते. तापण्याचे खरे कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा ढिला होज पाईप हे असते. रेडिएटर साफ करून घ्यावा, पंख्याचा स्विच तपासावा आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरावे.

टायर मोठे केले तर काय होते?

तरुण मालकांना मोठ्या रिमचा शौक असतो. पण त्याचा हिशेब समजून घ्यावा. मारुती ८०० ला येणाऱ्या १४५/७० आर १२ या टायरचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर भरतो. त्याच रुंदीचे १३ इंची, म्हणजे १४५/७० आर १३ टायर बसवले, तर व्यास ५३३ मिलिमीटर होतो. ही वाढ पाच टक्क्यांची. आता स्पीडोमीटर ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वेगाने धावत असेल. गिअरही तेवढेच जड होतात, म्हणून घाटात गाडी आणखी दमते. पिकअपसाठी गॅरेजमध्ये आलेला मालक पैसे देऊन पिकअप कमी करून घेतो, असा हा प्रकार आहे. शिवाय वळताना टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

त्यापेक्षा मूळ मापाचे नवे टायर घ्यावेत. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते, तेव्हा जुना टायर विकत घेताना हे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दिव्यांची सुधारणा

रात्री दिसत नाही म्हणून मोठ्या वॅटचे बल्ब टाकले जातात. हिशेब असा : ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर करंट घेतात. १०० वॅटचे दोन घातले तर तोच करंट सोळा-सतरा अँपिअर होतो. जुन्या बारीक वायरी आणि जुना स्विच हा भार सोसत नाहीत. ते तापतात, वितळतात आणि कधी पेटतातही.

खरे दुखणे वेगळेच असते. जुन्या वायरी व काळे पडलेले जोड यांतून व्होल्टेज गळते. बल्बपर्यंत दहा टक्के व्होल्टेज कमी पोहोचले तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. उपाय सोपा आहे. बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर आणावी, दोन रिले बसवावेत आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले चालू-बंद करण्याचे काम ठेवावे. अर्थिंगचे जोड घासून साफ करावेत. बल्ब मूळ वॅटचेच राहतात, उजेड मात्र वाढतो. शेवटी दिव्यांचा कोन लावावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत.

रंग आणि सजावट

रंगकामात सर्वांत मोठी फसवणूक गंजावर लांबी भरण्याची असते. दरवाजाचा खालचा भाग, पायऱ्या, चाकांवरच्या कमानी आणि पायाखालचा पत्रा येथे गंज आधी धरतो. त्यावर लांबी मारून रंग दिला की एका पावसाळ्यात फुगे येतात. योग्य क्रम असा : गंजलेला पत्रा कापावा, नवा तुकडा वेल्डिंग करावा, घासून प्रायमर द्यावा, मग पातळ लांबी, मग सरफेसर आणि शेवटी रंग. खालून कोटिंग करावे व दरवाजातील पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत.

रंग नुसता फिका पडला असेल तर पूर्ण पेंटिंग करू नये. रबिंग व पॉलिश करून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. सीट कव्हरसाठी आपल्या हवेत रेक्झिनपेक्षा जाड सुती कापड बरे. ते उन्हात पोळत नाही आणि गावातलाच कुशनवाला ते शिवून देतो. नवे मॅटिंग टाकण्यापूर्वी जुने उचलून खालचा पत्रा वाळवावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाब स्पष्ट केली. पुढचा लोखंडी गार्ड काढण्याचे निर्देश केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये दिले. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्येच बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पलीकडे गेला पाहिजे. कर्कश सायलेन्सरने ताकद वाढत नाही, दंड मात्र होतो. गाडीचा रंग बदलायचा असेल किंवा गॅस किट बसवायचे असेल, तर आरटीओकडे रीतसर नोंद करावी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक आहे.

खर्च करण्याआधी आरसी बुकावरची तारीख जरूर पाहावी. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्याआधीच्या आपल्याकडील गाड्यांवर धुळ्याचा एमएच १८ हा क्रमांक असतो आणि त्यांची पंधरा वर्षे केव्हाच संपली आहेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते व त्यापूर्वी गाडीची तपासणी होते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. हा खर्च धरून गाडीची बाजारातली किंमत आणि आपला एकूण खर्च यांची तुलना करावी. खर्च किमतीच्या वर जात असेल तर गाडी सजवण्यात शहाणपण नाही.

क्रम कोणता ठेवावा?

आमचा सल्ला असा. पहिले पैसे ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगवर खर्च करावेत. दुसरे दिवे, वायरिंग व पेट्रोलच्या पाईपवर. तिसरे इंजिनच्या ट्युनिंगवर आणि रेडिएटरवर. चौथे गंज काढण्यावर. रंग, सीट कव्हर व टेपरेकॉर्डरचा नंबर शेवटचा. सगळे एकदम जमत नसेल तर महिन्याला एक काम करावे.

कारागीर बंधूंना दोन शब्द. काम हाती घेण्यापूर्वी खर्चाचा अंदाज कागदावर लिहून द्या. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती ठेवा. डुप्लिकेट सामान बसवले असेल तर तसे सांगून बसवा. आणि ज्या गाडीचे ब्रेक ठीक नाहीत त्या गाडीचे पिकअप वाढवून देऊ नका, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. तो आज नाराज होऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये जाईलही. पण धडगावच्या घाटातून त्याचे कुटुंब सुखरूप घरी परतले पाहिजे, याची जबाबदारी पाना हातात घेणाऱ्यावरही असते. शहाद्यासारख्या गावात धंदा तोंडी शिफारशीवर चालतो आणि अशा गॅरेजची शिफारस लोक आपणहून करतात.